दिघ्याला लावलेला फोन

दिघ्यात माझा दवाखाना होता तेव्हा कमाई बेताचीच, पण शब्दाला वजन होतं. लोक निमूट औषध घ्यायचे आणि वर मलाच जेवलात का म्हणून विचारायचे. पुढे मुलीचं कॉलेज आलं, नेरूळच्या फ्लॅटचा हप्ता आला. दवाखाना एका तरुण डॉक्टरच्या हवाली केला आणि मी मोठ्या हॉस्पिटलात पगारी झाले. घरच्यांना वाटलं, सुटली बिचारी. मलाही वाटलं. पण इथे दर महिन्याला मीटिंग असते आणि कोणी किती पेशंट दाखल केले ते पडद्यावर दाखवतात. मीटिंगच्या आदल्या दिवशी मला जेवण जात नाही.

अशाच एका दुपारी दिघ्याची माझी जुनी पेशंट मुलासोबत आली. दरदरून घाम, जबड्यात कळ. ईसीजी मला मुळीच आवडला नाही. म्हटलं, "मावशी, आत्ताच अॅडमिट व्हायचं. हार्टचं आहे."

मुलगा चाचरत म्हणाला, "मॅडम, राग नका मानू. टार्गेट हाय का तुमाला?"

राग आलाच, कारण टार्गेट होतं.

मावशी पायाने चप्पल शोधायला लागली. "तुमी दवाखान्यात असता तर डोळे मिटून ऐकलं असतं, बाई. इथं तुमी पगारी."

ती दारापर्यंत गेली. रिक्षातच काही झालं तर? शेवटी दिघ्याच्या त्या डॉक्टरला ईसीजी पाठवला आणि फोन स्पीकरवर टाकला. तो म्हणाला, "मावशी, आत्ताच अॅडमिट व्हा. हार्टचं आहे." वाक्य माझंच, शब्दाचाही फरक नाही. मावशी मुकाट्याने स्ट्रेचरवर बसली.

तिची अँजिओप्लास्टी झाली, ती वाचली. मी जिन्यात जाऊन रडून घेतलं.

मीटिंगमध्ये माझा आकडा वर गेला होता, त्यात मावशीही होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पगारवाढ मिळाली.

परवा न्हावा शेव्याचा एक ट्रक ड्रायव्हर छाती जळजळते म्हणून आला. "अॅडमिट करा ना मॅडम, तुम्ही म्हणाल तसं," म्हणाला. ईसीजी धड चांगला नाही, धड वाईट नाही. दाखल करावं असं वाटलं आणि लगेच भीती वाटली, हे डॉक्टरला वाटतंय की पगाराला?

मी बाहेर जाऊन दिघ्याला फोन लावला. या वेळी पेशंटला काहीच शंका नव्हती.