मामा आणि आंब्यातली टिटवी

तापीकाठापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत माझ्या मामांइतका संतापी माणूस झाला नाही, आणि त्यांचा सगळा संताप पाखरांपायी होता. पाखरांवर नव्हे, पाखरांची नावं चुकवणाऱ्यांवर. पाखरू ओळखायला मान वर करणं त्यांना कमीपणाचं वाटे. रनाळ्याला ते आमच्याच घरी राहत. सकाळी ओसरीवर दात घासता घासता ऐकत, आणि कुणी सुगरणीला चिमणी म्हटलं की तांब्या आदळत. एकदा खांडबाऱ्याला गाडी थांबलेली असताना शेजारचा उतारू म्हणाला, "वानर हुपहुप करी ऱ्हायनं." झालं! "वानर? भारद्वाज शे तो! उतर खाले, ऐक नीट!" मामांनी त्याला दंडाला धरून फलाटावर उतरवलं. ऐकून होईतो गाडी दोघांची गाठोडी घेऊन निघून गेली. मामा चिडले ते गाडीवर, शिट्टी मध्येच वाजवली म्हणून.

माझ्या धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे आले, त्या दिवसाचा मात्र मला अजून संताप येतो. साहेबाच्या राज्यात इंग्रजी शाळा शिकलेला मुलगा, बहिणीलाही मनातून आवडलेला. सुपारी फुटायची तेवढी बाकी होती, आणि अंगणातल्या आंब्यातून टिटवी ओरडली. मुलाच्या वडिलांनी हातातली सुपारी तबकात परत ठेवली. "अपशकुन व्हयना. चाला, उठा."

मामा ताडकन उभे राहिले. "टिटवी कधी झाडवर बसस का? तिना पायले फांदीच धरता येत नही! हाऊ हरेवा शे, पानसारखा हिरवा. दुसरानी नक्कल करस. थांबा, ऐका!" पाहुण्यांना त्यांनी अक्षरशः आंब्याखाली ढकललं. पानांत काही दिसेना. पण आवाज आला, टिटवीचा, मग बुलबुलाचा, मग कोतवालाचा, आणि सगळे एकाच फांदीवरून.

"पटनं का?" मामा गरजले.

"पटनं," मुलाचे वडील शांतपणे म्हणाले. "पन सुपारीना वखतले आवाज तं टिटवीनाच व्हता ना?"

असल्या शहाणपणाला काय उत्तर द्यायचं? मामांनी दिलं. पाहुण्यांच्या कानांचा, अकलेचा आणि सात पिढ्यांचा उद्धार केला. मुलगा बापाला काहीतरी समजावत होता, कदाचित वळवलंही असतं त्याने. त्या शिव्यांनंतर त्याचीही मान खाली गेली.

पाहुण्यांची बैलांची दमणी वळणाआड गेली तशी बहीण चुलीपाशी जाऊन बसली. मामा तिच्याजवळ गेले. "माय, मी गप ऱ्हातू तं..." तिने डोळे पुसले आणि त्यांचं ताट वाढलं.

"जेवा, मामा. तुम्ही खोटं थोडंच बोलनात?"

मी शेजारच्या पाटावर बसलो होतो. परसात होला घुमत होता. मामांनी चिडावं, निदान माझ्यावर तरी खेकसावं, म्हणून मी मुद्दाम म्हणालो, "मामा, कोकिळा बोली ऱ्हायनी."

"व्हई बेटा," मामा म्हणाले, आणि भाकरी मोडत राहिले.