मास्तरांचा सुती बनियन

मच्छिंद्रराव,

आपल्या पोहण्याच्या तलावाच्या स्मरणिकेत तुमच्याबद्दल लिहायला सांगितलंय. “समदं लिहा बाई, दुसऱ्या कुणा गड्याला उपयोग होईल,” असं तुम्हीच म्हणालात. मग आता तक्रार करायची नाही.

कर्वेनगरातली निम्मी पोरं पाण्यात ढकलली ती तुम्हीच. फाटकावरची पाटीही तुमचीच: ‘सुती बनियन घालून पाण्यात उतरू नये. उतरल्यास बाहेर काढण्यात येईल. कारण विचारू नये.’ भलेभले साहेब तुम्ही ओल्या बनियनसकट हाकललेत.

मग प्रोस्टेटचा कॅन्सर झाला. उपचार झाले, रिपोर्ट चांगले आले, डॉक्टर म्हणाले, पोहायला लागा. पण हार्मोनच्या इंजेक्शनांनी पोट सुटलं, अंगावरचे केस गेले आणि छाती बाईसारखी भरली. “न्हाणीतून शर्ट घालूनच बाहेर येतात,” तुमची लेक शालू मला म्हणाली. “अंगसुद्धा नीट पुसत नाहीत, शर्ट पाठीला चिकटलेला असतो.”

तरी एका सकाळी ज्येष्ठांच्या बॅचला आलात. बनियन घालून! काठावर सलोनी उभी. तुमचीच विद्यार्थिनी, आता जीवरक्षक.

“मास्तर, सुती चालत नाही.”

“मला शिकवती व्हय?”

“पाटी तुमचीच आहे, मास्तर.”

शर्ट चढवून कट्ट्यावर बसलात. मी शेजारी टेकले तर म्हणता, “लोक हसतील, बाई. गडी हाय का बाई, कळायचं न्हाय.”

मला रागच आला. “माझं एक कापून टाकलंय, तुम्हाला दोन नवीन आली. मी रोज पोहते. कधी एका बाजूला कलले का?”

तुम्ही आधी लाजलात, मग हसलात. शेवटी ठरलं: बुधवारी स्वारगेटजवळच्या दुकानातून तुम्हाला पोहायचा नायलॉनचा शर्ट आणायचा. रंग मी बघणार. तुम्ही पोपटी उचलला असता.

मंगळवारी तुम्ही कट्ट्यावरूनच सुशीलाबाईंवर ओरडत होतात. त्या नवशिक्या. काठ धरून, गुडघे दुमडून नुसतं पाणी उडवत होत्या.

“अहो, सायकल चालवू नका! मांडीतून पाय मारा!”

“म्हणजे कसा? तिथं बसून काय सांगता, उतरून दाखवा!”

चुकीचा पाय तुम्हाला कधी बघवला आहे? शर्ट काढलात, बनियन काढलात आणि धपकन उडी. पँटीखाली पोहायची चड्डी होतीच. म्हणजे रोज घालूनच येत होतात, हे मला तेव्हा कळलं.

लोकांनी पाहिलं का? पाहिलं की! नांदेडहून मुलाकडे राहायला आलेले नागोराव आपली छाती थोपटत म्हणाले, “मास्तर, एवढं तर मला बिनइंजेक्शनचं आहे!” सगळा तलाव हसला, तुम्हीही. सुशीलाबाईंनी मात्र तुमच्या पायांखेरीज काही पाहिलंच नाही. बाई बुडायच्या भीतीत होत्या.

वर आल्यावर टॉवेल छातीवर ओढून घेतलात. घ्या. त्याला कुणाची हरकत आहे? दुसऱ्या दिवशी गळ्यात शिट्टी अडकवून उघडेच आलात ना, मग झालं.

तो बुधवार. मी पिशवी घेऊन काठावर उभी, आणि तुम्ही पाण्यातून सुशीलाबाईंना ओरडताय, “आता जमतंय, थांबू नका!” हाक मारावीशी वाटली नाही. स्वारगेटला जायचं राहिलं ते राहिलंच.