दोन बहिणींच्या दोन ट्यूब

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — कोण जाणे.

नव्वदच्या आसपास मी पनवेलच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. स्वभाव मुळात भोचक. स्वतः करून बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही. कुठेतरी वाचलं, की गोड खाल्लं की तोंडात आम्ल तयार होतं, ते दातातली खनिजं विरघळवतं. पेस्टमधलं फ्लोराईड ती परत बसवायला मदत करतं, दात टणक करतं. खरंच? अंड्याच्या एका बाजूला तशी पेस्ट लावून ठेवली, धुतली, अंडं व्हिनेगरमध्ये बुडवलं. ती बाजू टणक राहिली, दुसरी मऊ पडली. काय हरखले होते मी! पण अंडं म्हणजे दात नव्हे ना?

वर्गात करंजा गावच्या कोळ्याच्या दोन जुळ्या पोरी होत्या, रंजना आणि वंदना. शिकायला पनवेलला मामाकडे राहायच्या. घरच्या बायकांचं बघून त्याही मशेरीने, भाजलेल्या तंबाखूच्या पुडीने, दात घासायच्या. ती मी सोडवली, दोघींना पेस्ट दिली. सगळ्यांनी कौतुक केलं. त्यांची आई सुके बोंबील घेऊन आली. मी ते घेतले — खाल्लेही.

कुणाला ठाऊक नव्हतं ते हे — रंजनाच्या ट्यूबमध्ये फ्लोराईड होतं, वंदनाच्या नव्हतं. मुद्दाम. वर दोघींना बजावलं, एकमेकींची ट्यूब वापरायची नाही, उष्टी असते. उष्ट्याचं नाव काढलं की पोरी शब्द मोडणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं.

दीडेक वर्षाने वंदनाची दाढ किडली. कायमची दाढ — काढावी लागली. गाल सुजलेला घेऊन ती वर्गात आली आणि मी — मी आधी रंजनाला तोंड उघडायला लावलं. एकही कीड नाही! मला काय वाटलं असेल? दया? नाही हो. आनंद झाला. दोन मुलींवरून काही सिद्ध होत नाही, एवढं कळण्याइतकी मी शिकलेली होते. तरी आनंदच.

मग वर्गासमोर वंदनालाच झापलं — नीट घासत नसशील.

"नाय बाई, रोज घासते. तुमी दिलेलीच."

रंजना मधेच म्हणाली, "हिची संपली तवा मी माजी देत होते, बाई. घेतलीच नाय. उष्टी हाय म्हणून."

वंदनाने मान खाली घातली. "चुकलं, बाई."

मी म्हटलं, "पुन्हा असं करू नकोस."