लायसनची झेरॉक्स

मी कोथरूडला चार घरी पोळ्या करते. माझ्या मुलीने ड्रोन उडवायचं लायसन काढलं ते माझ्या हट्टाने. ती म्हणायची, "आई, लग्नात उडवणाऱ्या कुणाकडेच नसतं. कोण विचारतंय?" मी म्हटलं, कुणी विचारो न विचारो, आपल्याकडे असावं. लोणी काळभोरच्या पुढे एका माळावर शिकायला जायची, दोन बस बदलून.

लग्नाचं शूटिंग घेणारा एक जण आमच्याच गावाकडचा. मी त्याला राखी बांधते. तो म्हणाला, "ताई, लायसनची झेरॉक्स ठेवून जा. काम आलं की भाचीलाच बोलावतो." मीच नेऊन दिली, दुमडू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून. लग्नं सुरू झाली, बोलावणं आलं नाही. विचारलं तर हसायचा. "ती फार नियम सांगते गं. माणसांवरून उडवायचं नाही म्हणे. लग्नात माणसं नसतात का?"

मग एका मंगल कार्यालयातून मुलीला फोन आला. आदल्या दिवशी ड्रोन मांडवाच्या झालरीत अडकून पडला होता, एका आजींच्या कपाळाला टाके पडले होते. उडवत होता त्या शूटिंगवाल्याचा मेहुणा, बिनलायसनचा. हल्ली कार्यालयवाले कागद मागतात, पण उडवणारा कोण हे बघत नाहीत. शूटिंगवाल्याने कागद दिला होता माझ्या मुलीचा. ती तर दिवसभर घरी होती.

मी त्याच्या दुकानात गेले. मला चार माणसांत बोलता येत नाही, पायरीवरच उभी राहिले.

"ताई, एवढं काय मनावर घेतेस? तिच्याकडे लायसन आहे, तिला कोण काय करणार? मेहुणा फुकट अडकेल."

म्हणजे जिने नियम पाळला, तिलाच पुढे करायचं. मी पायरी उतरले. परत आले.

मुलगी म्हणाली, "तू दिलीस ना त्याला?" आणि दोन दिवस एकटीच जेवली.

तिसऱ्या दिवशी आम्ही कार्यालयात गेलो. मी मॅनेजरसाहेबांना सांगितलं, "त्या दिवशी ही घरी होती. झेरॉक्स मी दिली होती." ते म्हणाले, लिहून द्या. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तरी मीच लिहिलं आणि सही केली. मुलीचं नाव त्यातून सुटलं.

लायसन काढायला लावलं याचा मला अजून पस्तावा नाही. काढायलाच हवं. पण ते आता मुलगी कपाटात कुलूप लावून ठेवते. किल्ली कुठे असते, ते मला सांगत नाही.