गॅलरीतले खून

आमच्या नानांइतका भित्रा माणूस मी बोरिवलीत दुसरा पाहिला नाही, आणि त्यांच्याइतके खूनही कोणी केले नसतील. जिन्यातला दिवा गेला की ते खालूनच माईंना हाका मारत, आणि त्या टॉर्च घेऊन येईपर्यंत वॉचमनशी उगाच हवापाण्याच्या गप्पा मारत उभे राहत. पुस्तकात मात्र पानोपानी मुडदे.

नाना-माई हे नवरा-बायको आमचे शेजारी, मूळचे मालवणकडचे. नानांची नोकरी सरकारी कचेरीत आणि हौस रहस्यकथा लिहिण्याची. त्यांच्या लहानपणी डिटेक्टिव्ह वज्रपाणीची पुस्तकं घरोघर वाचली जात. मूळ लेखकांनी शेवटच्या पुस्तकात वज्रपाणीला ठाण्याच्या खाडीत लोटलं आणि पुढे तेही वारले. ऐंशी सालानंतर कधीतरी प्रकाशकाच्या मुलाला वाटलं, हा गडी पुन्हा चालेल. त्याने नानांना गाठलं आणि नानांनी वज्रपाणीला खाडीतून बाहेर काढलं, खोकत का होईना, पण टोपीसकट. पुस्तकं खपू लागली आणि नाना धास्तावले. "मेलेल्याक परत आणलंय मी, गो," ते मला म्हणत. "कोणीतरी त्याच्या बदली एक जीव मागणारच."

त्यांचा हात थरथरायचा. मी शेजारची नवी सून, अक्षर बरं, म्हणून सुवाच्य प्रत करायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हा कळलं की नाना घरात खून लिहीतच नाहीत. वज्रपाणीचा चहा, तपास, उलटतपासणी सगळं हॉलमध्ये. खून आला की पाट आणि कागद उचलून गॅलरीत, मधलं दार घट्ट लावून. मला हसू आलं.

"हस तू. वास्तू तथास्तु म्हणत असते. घरात वायट लिहिलं आणि नेमकी तेव्हाच म्हणाली, मग?"

माझ्या सासूबाईंना हे इतकं पटलं की मलाही घरात मुडदे उतरवायची बंदी झाली. मी ते ऑफिसात, डबा खाऊन झाल्यावर उतरवत असे. शेजारची टायपिस्ट रोज विचारायची, "आज कोण गेलं गं?"

त्याच सुमारास आमच्या बिल्डिंगला गॅलऱ्या आत घ्यायचं वेड लागलं. ग्रिल बसवायचं, सरकत्या काचा लावायच्या, मधली भिंत पाडायची, की हॉल मोठा. माईंनीही हट्टाने करून घेतलं. नानांचा पाट होता तिथेच राहिला, कठड्यापाशी. सवयीने नानांनी तिथेच बसून नव्या पुस्तकातला खून लिहिला. एक बाई, सकाळची वेळ, स्वयंपाकघर, हातात दुधाचं पातेलं.

मी ती प्रत करून दिली आणि दुसऱ्याच सकाळी माई ओट्यापाशी छाती धरून खाली बसल्या. दूध सगळं लादीवर. नाना आमचं दार नुसतं बडवत होते. मी आत धावले, माईंना सावरलं, आणि मग ते पातेलं दिसलं, मी कागदावर उतरवलं होतं तसंच.

"गॅलरी घरात आली, गो," नाना पुटपुटले. "माझ्या लक्षातच नाही आलं."

असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही, असं मी रिक्षाभर स्वतःला बजावत होते. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, अजून काही सांगता येत नाही. नानांनी माझ्याकडे कागद मागितला आणि ते छपराबाहेर, आवारातल्या झाडाखाली जाऊन बसले. मीही मागोमाग गेले.

"त्या बाईला वाचवताय ना?"

"तिला तर वाचवतोच. पण बदली नको द्यायला? ज्याला आणला, त्यालाच परत देतो."

नाना रडत होते आणि लिहीत होते. वज्रपाणी खाडीच्या काठावर आला, त्याने वळून एकदा शहराकडे बघितलं, आणि गेला, टोपीसकट. नानांना त्याच्याइतकं जवळचं माईंशिवाय कोणीच नव्हतं. मला मेलीला भीती वाटत होती की त्यांचं लिहून व्हायच्या आत वरच्या वॉर्डातून कोणी बोलवायला येईल.

माई वाचल्या. औषध वेळेवर लागू पडलं, असं डॉक्टर म्हणाले, आणि नानांनी नम्रपणे मान डोलावली. प्रकाशक घरी येऊन विनवण्या करून गेला. "पुन्हा काढा ना त्याला वर. खाडीच तर आहे, नाना." नानांनी हात जोडले. त्यानंतर ते माईंच्या मागेमागे राहू लागले. त्या नुसत्या खोकल्या तरी नानांचा चेहरा उतरे. माई वैतागून म्हणत, "अहो, मी आहे. जरा बाहेर जाऊन या."

पुढे काही वर्षांनी माई गेल्या. झोपेत, शांतपणे. नानांनी त्याआधी कितीतरी दिवसांत एक ओळ लिहिली नव्हती.

तेरावं झालं आणि दुपारी मी त्यांना डबा द्यायला गेले. दार उघडंच होतं. नाना हॉलच्या मधोमध पाट मांडून बसले होते, कागद मांडीवर.

"काय लिहिताय, नाना?"

"वज्रपाणी वर आला. आल्याआल्या दोन खून."

"घरात?" मी विचारलं.

त्यांनी मान वर केली नाही. "म्हणू दे वास्तूला आता तथास्तु."

त्या घरात मी इतकी कधीच घाबरले नव्हते, मुडदे उतरवतानाही नाही. डबा खाली ठेवून मी सवयीने लिहिलेली पानं प्रतीसाठी उचलली. अक्षर सरळ, स्वच्छ, छापल्यासारखं होतं. त्यांचा हात थरथरत नव्हता.