विहिरीकडचा खडक

साळू माझी धाकटी जाऊ. बाहेर सगळे तिला साळूबाई म्हणतात, पण नवी नवरी म्हणून मीच तिला उंबऱ्यातून आत घेतलेलं, त्यामुळं माझ्या तोंडी ती साळूच. मखमलाबादच्या अंगाला आमची फुलशेती होती. झेंडू, गलांडा, शेवंती. उजाडायच्या आत तोडायची, पाट्या भरायच्या आणि पंचवटीत नेऊन विकायची. साळूसारखा झरझर हात मी कुणाचा पाहिला नाही, आणि गिऱ्हाइकाशी भांडावं तेही तिनंच. एखादीनं फूल दाबून पाहिलं की म्हणायची, "बाई, वांगं नाय ते. देवाला वाहायचंय, भरीत नाय करायचं." ती बाई रागावून जायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्याकडंच यायची.

आता शेत कुठलं आलंय. वाटण्या झाल्या, काही विकलं, काही रस्त्यात गेलं, आणि शहर सरकत सरकत दारात येऊन बसलं. साळूच्या वाट्याला एक प्लॉट उरला. त्यावर जुनं पत्र्याचं घर, एका अंगाला बुजवलेली विहीर आणि दुसऱ्या अंगाला बांधाचा कोपरा. तिचा मालक, म्हणजे माझा दीर यादव, वारला त्याला बरीच वर्षं झाली. घरात मुलगा जीवन आणि सून छाया. पत्रे इतके गळायला लागले की छायाला पावसाळ्यात भांडी घासायच्या आधी मांडावी लागायची. तेव्हा जीवननं मनावर घेतलं, की आता पक्कं घर बांधायचं.

आमच्या काळी नारळ फोडला की पाया सुरू व्हायचा. आता आधी महापालिकेची परवानगी लागते, नाहीतर बँक दारातही उभं करत नाही. सातबारा, मोजणी, घरपट्टीची पावती आणि या सगळ्यांच्या वर नकाशा. जागा साळूच्या नावावर, म्हणून अर्ज साळूबाईचा. महिला बचत गटात ती सही शिकली होती तेवढं बरं झालं. जीवन चिडवायचा, "आई, आता तू महापालिकेची गिऱ्हाईक. तिथं जाऊन भांडू नको."

"त्यांनी फूल दाबलं नाय तर मी कशाला भांडू?" साळू म्हणायची.

नकाशा काढला गंगापूर रोडच्या हर्षाली मॅडमनी. त्या इंजिनीअर. जीवननं तो आणून चटईवर पसरला तेव्हा मीही तिथंच होते, माझं घर शेजारीच आहे. रेघाच रेघा. घराच्या चारी बाजूंनी मोकळी जागा सोडायची असते म्हणे, ती वेगळी दाखवलेली. छाया स्वयंपाकघर शोधत होती. साळूनं एका छोट्या चौकटीवर बोट ठेवलं.

"ही खोली कुणाची रे? एवढीशी?"

"खोली नाही आई, सेप्टिक टाकी आहे. संडासची. आपल्याकडं ड्रेनेजची लाइन अजून कुठं आलीय."

"कुठंशी येती ही?"

"बांधाच्या कोपऱ्यात. तुझ्या पांढऱ्या शेवंतीपाशी. उतार तिकडंच आहे ना."

साळूनं बोट काढून घेतलं, जसं तव्यावरून काढतात तसं. "मी सही करणार नाय," म्हणाली आणि उठून चुलीकडं गेली.

जीवनला वाटलं, कुणीतरी तिच्या डोक्यात वास्तूचं खूळ भरवलं. मग वाटलं, फुलांसाठी अडून बसलीय. "आई, कुंड्या आणून देतो की गं," म्हणाला. खरं काय ते घरात फक्त मला माहीत होतं.

त्या कोपऱ्यात तिची लेक होती. जीवनच्या आधीची. पाचवी पुजून झाली होती, बारसं व्हायचं होतं. अंगात ताप भरला आणि एके सकाळी पोर दूधच ओढेना. एवढ्याशा जिवाला अग्नी देत नाहीत, पुरतात. बायकांनी तिथं जायचं नसतं, आईनं तर नाहीच. साळूच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून दोघे भाऊ, माझे मालक आणि यादव, तिला घेऊन गेले. सासूबाईंनी मिठाची पुरचुंडी हातात दिली तेवढी मी पाहिली. परत आले ते सरळ आडावर आंघोळीला. माझ्या मालकांना मी विचारलं, तर "झालं" एवढंच म्हणाले, आणि मरेपर्यंत त्यापुढं एक शब्द नाही.

जागा आईला सांगायची नसते. ती जाऊन बसते, उकरते, वेड लागतं म्हणतात. पण साळूनं पिच्छा सोडला नाही. बाळंतिणीच्या खाटेवरून विचारायची, उठून कामाला लागली तरी विचारायची. त्या दिवसांत घरात काहीच धड नव्हतं. वाटणाचा पाटासुद्धा फुटला, असं यादव म्हणाला, आणि त्यानं वडाराकडून नवा आणून टाकला. एकदा तो जेवायला बसला असताना साळूनं ताट पुढं ठेवलं आणि भाकरी हातातच धरली. "सांगा, मग वाढते." मग त्यानं मान वर न करता सांगितलं, "बांधाच्या कोपऱ्यात."

तेव्हापासून तो कोपरा साळूचा. तिथं तिनं पांढरी शेवंती लावली. त्या फुलांना कधी पाटीत घातलं नाही. थोडी तिथंच मातीवर ठेवायची, उरलेली गंगेत सोडायची. लोकांना वाटायचं नवस असेल. जीवन झाला, मोठा झाला, त्याला तिनं कधी कळू दिलं नाही.

तर सही न करता साळू मला म्हणाली, "आक्का, उद्या माझ्यासंगं चल." आम्ही दोघी रिक्षानं गंगापूर रोडला गेलो. हर्षाली मॅडमचं ऑफिस काचेचं, आत इतकं गार की साळूनं पदर कानावरून घेतला. मॅडम वयानं आमच्या नातीएवढ्या. चहा मागवला. साळूनं कप हातात धरून ठेवला.

"मॅडम, तुम्हाला लेकरू हाय?"

"एक मुलगी आहे, आजी."

"मग तुम्हाला सांगते." आणि सांगितलं. जे पोटच्या मुलाला सांगितलं नव्हतं ते तिनं त्या परक्या पोरीला, फिरत्या खुर्चीवर बसून सांगितलं. शेवटी म्हणाली, "तिच्या अंगावर घाण नको. तेवढं बघा. घर लहान करा, माझी खोली काढा पाहिजे तर."

मॅडमनी विचारलं, "नाव काय होतं?"

"बारसं राहिलं होतं."

मग मॅडमनी कॉम्प्युटर आमच्याकडं वळवला. ती चौकट उचलून कुठं ठेवायची ते बघू लागल्या. "टाकीला दुसरी जागा आहे का? विहिरीच्या बाजूला मोकळं दिसतंय."

"तिथं खडक हाय," साळू म्हणाली.

तो तुकडा आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक. नांगरताना यादव तिथं आला की नांगर उचलायचा आणि पलीकडं नेऊन टेकवायचा. खाली खडक आहे, फाळ मोडेल म्हणायचा. तिथं कधी काही लावलं नाही. साळू त्यावरून त्याला बोलायची, "चार वाफे बसले असते तिथं. सोन्यासारखी जागा वाया घालवली या माणसानं." तो ऐकून घ्यायचा.

"खडक असला तर फोडता येतो, आजी. खर्च थोडा वाढेल," मॅडम म्हणाल्या. त्यांनी चौकट उचलून विहिरीकडं ठेवली.

"एवढं सोपं होतं व्हय," साळू म्हणाली. निघताना दारातून परत फिरली. "जीवनला सांगू नका. त्याला वाटतं तोच पहिला."

नव्या नकाशावर तिनं सही केली. तीन वेळा पेन टेकवलं, पण केली. जीवन म्हणाला, "मॅडमशी भांडलीस ना?" ती म्हणाली, "चहा पाजला त्यांनी. कशी भांडू?"

अर्ज गेला, एक त्रुटी आली, ती भरून दिली, पुन्हा गेला. मग एका दुपारी जीवनच्या मोबाइलवर मंजुरी आली. छायानं शिरा केला. साळू वाटीत थोडा शिरा घेऊन कोपऱ्यात गेली, मी तिच्या मागं. शेवंतीच्या बुडाशी वाटी ठेवून ती खाली बसली. "आता भ्यायचं नाय," मातीकडं बघून म्हणाली. "सरकारी कागद झालाय. तुला कुणी हलवत नाय."

मला हसू आलं आणि डोळेही भरले.

पाया आखला. सगळ्यात आधी टाकीचा खड्डा काढायचा ठरला, कारण खडकाचं काम वेळ खातं. लखन नावाचा पोरगा जेसीबी घेऊन आला, खडक फोडायचा ब्रेकरही त्यानं सोबत आणलेला. साळू आणि मी ओट्यावर गहू निवडत बसलो होतो. जीवन मशीनपाशी उभा. मशीनची बादली मातीत गेली आणि भरून वर आली. परत गेली, परत भरून आली.

लखन मशीनवरून ओरडला, "ओ आजी, खडक कुठं ठेवला तुमचा? लोण्यासारखी माती हाय ही."

"खाली असेल," मी म्हणाले.

साळूचे हात सुपात थांबले. नांगराचा फाळ जातो किती खोल, हे तिला का कुणी सांगायला हवं होतं? खडक असता तर पहिल्या घासालाच लागला असता. ती उठली. सूप तसंच, गहू सांडले. मी तिला इतकं जलद चालताना पंचवटीचा बाजार सुटल्यापासून पाहिलं नव्हतं.

"थांबव. मशीन थांबव," ती म्हणाली. जीवन काही विचारायला गेला, तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. "लखन, बाबा, खाली उतर. फावड्यानं काढ. हळू."

लखननं फावडं घेतलं. थोडी माती काढली आणि खण्‌ करून दगडाला लागलं. "हा बघा लागला खडक," तो म्हणाला. पण तो खडक नव्हता. सपाट, लांबट, पालथा ठेवलेला दगड होता. लखननं एका कडेनं उचलला तर खालच्या अंगाला छिन्नीचे घाव दिसले, वाटण वाटायला घालतात तसे. एका कोपऱ्याचा टवका उडालेला. तो माझ्याच हातून उडाला होता, वरवंटा पडून.

"हा पाटा ना गं आपला, आक्का?" साळू म्हणाली.

"हो."

"फुटला म्हणाले होते."

"हो."

"कुत्र्यांनी उकरू नये म्हणून ठेवला असंल." ती खड्ड्याच्या कडेला खाली बसली. लखनला म्हणाली, "आता काही काढू नको. आहे तसा ठेव."

जीवन म्हणाला, "आई, पाटा इथं कसा? काय चाललंय?"

"तुझी मोठी बहीण हाय इथं," साळू म्हणाली.

जीवननं पायातल्या चपला काढल्या आणि बाजूला ठेवल्या. ते बघून लखननंही काढल्या. पाटा पालथा घालून लखननं माती परत लोटली, हातानंच.

साळू रडली नाही. माझ्याकडं न बघता म्हणाली, "मी इतकी वर्षं तिकडं कुणाला फुलं वाहिली, आक्का?"

मी तिच्याजवळ खाली बसले.

"आणि हे बघत होते. उन्हाळ्यात मला घागर भरून द्यायचे, शेवंतीला घालायला. उचलून डोक्यावर द्यायचे. मी यांना बोलायचे. जागा वाया घालवली म्हणायचे."

टाकीचा प्रश्न तसाच होता. विहिरीकडं आता कुणी खणू देणार नव्हतं. जीवन म्हणाला, "राहू दे आई, घरच नको." तो मनापासून म्हणत होता. पण छायाच्या डोक्यावरचे पत्रे गळतच होते, आणि साळूला ते दिसत होतं. तिनं स्वतःच हर्षाली मॅडमना फोन लावायला सांगितला.

"मॅडम, चौकट परत उचला. पहिल्या जागी ठेवा."

तिकडून काहीतरी विचारलं असावं.

"नाय, चुकून नाय. तिथं कुणी नाय. तिथं कुणी नव्हतंच."

सुधारित नकाशावर परत सही झाली, परत मंजुरी आली. त्या वेळी शिरा कुणी केला नाही. कोपरा खणायच्या आदल्या दिवशी साळूनं शेवंती आपल्या हातानं उपटली. मुळं झटकून एका बाजूला रचली. मी म्हणाले, "तिकडं लाव की गं, विहिरीकडं. जगतील."

"नको. तिकडची राखण त्यांनी केली. माझी फुलं तिच्या वळखीची नायत," ती म्हणाली. रोपं शेजारच्यांना वाटून टाकली. मला दिली त्यातली दोन माझ्या दारात आहेत. फुलं येतात, पण साळू त्यांना हात लावत नाही.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात मशीन चाललं तेव्हा ती घरात भिंतीकडं तोंड करून बसली होती. दर वेळी बादली मातीत शिरली की तिच्या खांद्यांना कळायचं. तिथं कुणी नाही हे तिला माहीत होतं, तरीही.

घर झालं. चांगलं झालं. साळूची खोली विहिरीच्या अंगाला आहे. त्या बाजूची जागा नियमानं मोकळी सोडायची, म्हणून तो तुकडा तसाच राहिला, मातीचा. जीवननं फरशी टाकू का विचारलं, तर नको म्हणाली. फूल नाही, दिवा नाही, तिथं ती काहीच करत नाही. सकाळी अंगण झाडते. झाडत झाडत तिथवर आली की खराटा उचलते, आणि पलीकडं नेऊन टेकवते.