गोडाला मुरड

चिखलीतल्या बेकरीवाल्या चाचांचं नाव मी कधी विचारलं नाही. चीजचे पॅटीस ते दोन तऱ्हेचे करायचे. तिखटाच्या कडा काट्याच्या चमच्याने दाबायचे, गोडाला मात्र करंजीसारखी बोटांनी मुरड घालायचे.

आमची कंपनी बंद होत होती. शेवटच्या दिवसासाठी मी दोन्ही निम्मे-निम्मे सांगितले.

चाचांची बोटं थांबली. "गोड कमी घ्या, भाऊ. आमची कंपनी बंद झाली तेव्हा कँटीनला मीच होतो. गोडाला कुणी हात लावला नाही."

मी ऐकलं नाही.

तिखट दहा मिनिटांत संपले. गोडाचा खोका घरी आला. मुलीने झाकण उघडलं. एकेक मुरड नीट घातलेली होती.

"बाबा, आज कुणाचा वाढदिवस होता?"